वजनाची सर्जरी: आधी काय तयारी केलीत, नंतर काय काय झालं? अनुभव लिहा

माझी स्लीव्ह (जठर लहान करायचं ऑपरेशन) होऊन आता बराच काळ झाला आणि अजूनही ओळखीतून फोन येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, किती किलो उतरलं? लीक म्हणजे काय, घरी आल्यावर कशाने घाबरायचं आणि कशाने नाही, गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, हे कुणी विचारतच नाही. म्हणून हा धागा. ज्यांनी स्वतः केलीये किंवा घरातल्या कुणाची जवळून बघितलीये त्यांनी लिहा. किलोचे आकडे आणि आधी-नंतरचे फोटो नकोत प्लीज, आणि एकमेकांना औषधंही सुचवू नका, ते ज्याचे त्याचे डॉक्टर बघतील.

मीच सुरुवात करते. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून काढून टाकतात. तो परत बसवता येत नाही, हे सर्जनने मला पहिल्याच भेटीत कागदावर चित्र काढून सांगितलं आणि वर म्हणाले, घरी जा, विचार करा, घाई नाहीये. ऑपरेशनआधीचे दोन आठवडे लिव्हरसाठीचं डाएट होतं, कॅलरी आणि कार्ब्स अगदी कमी, प्रोटीन भरपूर. मला वाटलं आता वजनच कमी करायचंय तर आधीच कशाला छळताय, पण कारण वेगळं निघालं. आपल्यासारख्यांचं लिव्हर चरबीने फुगलेलं असतं, त्याचा डावा भाग बरोबर जठरावर येतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. तो आक्रसला की सर्जनला जागा मिळते आणि आपला धोका कमी होतो. हे कळल्यावर भूक काही कमी झाली नाही, पण चोरून खावंसं वाटेनासं झालं.

आणि हो, शुद्धीवर आल्यावर सगळ्यात जास्त दुखत होता तो खांदा! पोट फुगवायला जो गॅस भरतात त्याच्यामुळे होतं ते. त्याच दिवशी संध्याकाळी नर्सने उठवून कॉरिडॉरमध्ये चालायला लावलं. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून हे चालणं, पोटातली इंजेक्शनं आणि ते घट्ट मोजे. कंटाळा आला तरी चाला.

कोरा_कागद
मी पेशंट नाही, पेशंटचा नवरा. धागाकर्तीने खांदेदुखी लिहिलीये म्हणून लगेच जोडतो, कारण आमच्याकडे तीच गोष्ट वेगळी निघाली. हिची पण स्लीव्ह. डिस्चार्जच्या वेळी सर्जनने मला बाजूला बसवून चार गोष्टी सांगितल्या होत्या: नाडी १२० च्या वर राहिली, ताप आला, दम लागला, किंवा डाव्या खांद्यातलं दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर रात्र आहे की दिवस बघायचं नाही, सरळ फोन करायचा. ते कागदावर लिहून घेऊन फ्रीजवर लावलं होतं. घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या रात्री ही म्हणाली नुसती धडधड होतेय बाकी बरं आहे, झोप तू. ताप नव्हता, पोटही फारसं दुखत नव्हतं. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर १२८. पाच मिनिटांनी परत लावला, १३१. जवळच्या कॅज्युअल्टीत नेलं तिथल्या ड्युटी डॉक्टरचं म्हणणं पडलं की टेन्शनमुळे आहे, अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन देतो आणि घरी न्या. मी तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला, सर्जनला फोन लावून फोनच त्यांच्या हातात दिला. सीटी केला तर लीक, म्हणजे जठर कापून जिथे स्टेपल मारलेत तिथून आतलं पोटात झिरपत होतं. स्टेपलच्या लाइनीला अगदी वर, अन्ननलिकेजवळ, तिथेच जास्त करून होतो म्हणे. मग ड्रेन (साचलेलं बाहेर काढायची नळी), स्टेंट (भोक झाकायला आत बसवलेली जाळीची नळी), नळीने फीड, बरेच आठवडे गेले. आता ठणठणीत आहे. लीक थोड्याच जणांना होतो हे खरं, पण ताप येईपर्यंत थांबायचं नसतं, नाडी आधी वाढते. आणि हे पेशंटपेक्षा घरातल्या माणसाला माहीत पाहिजे, कारण पेशंट म्हणणारच मला बरंय.

मध्यरात्र
मी घोरायचो एवढंच माहीत होतं. आधीच्या तपासण्यांत झोपेची टेस्ट केली तर स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास मधेमधे थांबणं, तोही बऱ्यापैकी. त्यामुळे आधी काही आठवडे सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन) लावून झोपायची सवय केली आणि मगच तारीख मिळाली. भूल आणि वेदनेची औषधं दोन्हीने श्वास मंदावतो, त्यात हे निदान झालेलं नसेल तर अवघड होऊ शकतं. मशीन आणि स्वतःचा मास्क सोबत न्या.

सायकलवाला
बायपास. शुगरसाठी केली, वजन हा बोनस. जठराची अगदी छोटी, साधारण ३० मिलीची पिशवी उरते आणि आतड्याचा रस्ता बदलतो, त्यामुळे वजन उतरायच्या आधीच शुगर उतरायला लागते. माझं इन्सुलिन हॉस्पिटलमध्येच निम्म्याच्या खाली आणलं. म्हणून घरी आल्यावर जुना डोस जुन्या सवयीने घेऊ नका, नवा डोस लिहून घ्या. तसंच शरीरात हळूहळू विरघळणाऱ्या ज्या गोळ्या असतात त्या बायपासनंतर नीट लागू पडतीलच असं नाही, माझी बीपीची गोळी त्यासाठी बदलली.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही पेनकिलर बायपासवाल्यांना बंद, जठराची पिशवी आणि आतडं जोडतात त्या जागी अल्सर होतो. सिगरेटनेही तोच अल्सर होतो, म्हणून मला आधीच सोडायला लावली आणि परत धरू नका म्हणून दम दिला. डेंटिस्टपासून सगळ्यांना हे आपणच सांगायचं, ते विचारत नाहीत.

डंपिंगबद्दल: गोड खाल्लं की पंधरा-वीस मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ आणि मग आडवं पडल्याशिवाय चालत नाही. दुसरा प्रकार तास-दोन तासांनी येतो, त्यात शुगर एकदम खाली जाते. गाडी चालवणाऱ्यांनी दुसरा लक्षात ठेवा. आणि दारू. पूर्वीच्या निम्म्यात चढते आणि खाण्याची जागा दारूने घेतलेले लोक मी आमच्या सपोर्ट ग्रुपमध्येच पाहिलेत. यावर कुणी मोकळेपणाने बोलत नाही म्हणून लिहितोय.

टिंबटिंब
केसांचं लिहिते!! तिसऱ्या महिन्यानंतर कंगव्यात पुंजके यायला लागले, बाथरूमच्या जाळीत रोज गोळा. सहा-सात महिन्यांपर्यंत चालू होतं मग थांबलं, परत आले. शरीराला झटका बसला की केस एकदम विश्रांतीत जातात आणि काही महिन्यांनी गळतात असं स्किनवाल्या मॅडमनी सांगितलं. प्रोटीन दिवसाला ६० ते ८० ग्रॅम आणि लोह, झिंक नीट असेल तर परत येतात. वजनाचा काटा तिसऱ्या आठवड्याच्या आसपास ठप्प होतो, जवळजवळ सगळ्यांचाच, तेव्हा रडू नका.

मुलींनो अजून एक, मला पीसीओएस होतं आणि पाळी वर्षानुवर्षं अनियमित. वजन उतरायला लागल्यावर आपोआप सुरळीत झाली, म्हणजे दिवस राहण्याची शक्यताही वाढली. पण पहिले १२ ते १८ महिने प्रेग्नन्सी टाळायला सांगतात, आणि बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्यांवर विसंबता येत नाही. ऑपरेशनआधीच गायनॅककडे जाऊन दुसरा उपाय ठरवून या.

लेक_एकुलती
आईची स्लीव्ह. ऑपरेशन छान झालं पण नंतर उलट्या थांबेनात, पाणीसुद्धा राहीना. नातेवाईकांचं चालू होतं की होतं असं, पोट लहान झालंय. आमच्या डाएटिशियननी मात्र फोनवरच सांगितलं की एवढ्या उलट्या म्हणजे शरीरातलं बी१, थायमिन संपत जातं, त्याचा साठा थोडेच आठवडे पुरतो. तोल जाणं, डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, बोलताना गोंधळणं यातलं काही दिसलं तर इमर्जन्सी. आणि ग्लुकोजची ड्रिप लावायची वेळ आली तर आधी थायमिन द्यायला सांगा. आईला तिथवर वेळ आली नाही, जठराचा अरुंद झालेला भाग दुर्बिणीतून फुग्याने रुंद केला आणि उलट्या थांबल्या. पण "पोट लहान झालंय" या वाक्यावर माझा विश्वास उडाला तो उडालाच.

वाचनमात्र
मी केली नाही अजून. मानसोपचारतज्ज्ञांची भेट म्हणजे सहीपुरती औपचारिकता वाटली होती, त्यांनी रात्रीच्या खाण्याबद्दल विचारलं आणि तासभर मीच बोलत बसलो. आधी त्यावर काम करू म्हणाले. तारीख पुढे गेली याचा घरच्यांना राग आला, मला सुटल्यासारखं झालं.

सायकलवाला
@वाचनमात्र, उत्तम केलंत. अजून एक राहिलं, बायपासवाल्यांनी वर्षांनंतरही पोटात मुरडा मारून येणारी कळ, विशेषतः खाल्ल्यावर, गॅस म्हणून सोडून देऊ नये. आतडं ऑपरेशनमुळे आत राहिलेल्या फटीत अडकू शकतं, आणि वजन उतरल्यावर त्या फटी मोठ्या होतात. दाखवताना बायपास झालीये हे पहिलं वाक्य असू द्या.

नवीन_आयडी
माझी तारीख ठरलीये, स्लीव्ह. गोळ्या खरंच आयुष्यभर घ्यायच्या? आणि बॅगेत काय काय घेऊ?

धागाकर्ती
हो, आयुष्यभर. मल्टिव्हिटॅमिन, बी१२, डी, कॅल्शियम आणि गरजेप्रमाणे लोह. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेऊ नका, मध्ये दोन तास सोडा. मी कॅल्शियमचा अलार्म लावलाय आणि लोह रात्री. रक्ततपासणी पहिल्या वर्षात दर काही महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. भराभर वजन उतरताना पित्ताशयात खडे होतात म्हणून मला सहा महिन्यांची वेगळी गोळी होती, तुमच्या सर्जनना विचारा. स्लीव्हनंतर जळजळ वाढू शकते, तुम्हाला आत्ताच जास्त त्रास असेल तर स्लीव्ह की बायपास हे तारखेआधी परत एकदा बोलून घ्या.

बॅगेत सैल, पुढून बटणांचे कपडे, चपला अशा की वाकावं लागणार नाही, लांब वायरचा चार्जर, ओठांना लावायला काहीतरी (पाणी घोटघोट मिळतं, ओठ फुटतात), चालू औषधांची डोससकट यादी. आणि घरी छोटे कप काढून ठेवा, औषधाच्या बाटलीवर असतात ना तसले ३० मिलीचे. सुरुवातीला त्यानेच प्यायचंय, दिवसभर.