शीप्स लिहिलं तर फुली? प्राण्यांची अनेकवचनं पाठ करून घेणं बंद करा

पाचोरेकर:
पोरगा सहावीत, मराठी माध्यम. इंग्रजीच्या चाचणीत प्राण्यांची अनेकवचनं विचारली. यानं शीप्स, ऑक्सेस, गूसेस लिहिलं. तिन्हींवर लाल फुली. अहो, कॅट-कॅट्सचा नियम तर त्यानं बरोबर लावला होता! ही यादी घोकण्याच्या वेळात पोरं चार वाक्यं बोलायला शिकतील. जळगावला मुलाखतीत गूसचं अनेकवचन कोण विचारतो?

अमळनेरचे मास्तर:
भाऊ, नाही पटलं. हे अपवाद उगाच झालेले नाहीत. फार जुन्या काळी गूस, माउस यांच्या अनेकवचनी प्रत्ययात 'इ' होता. त्याच्या ओढीनं आधीचा स्वर बदलला, मग प्रत्यय झडला आणि बदललेला स्वर तेवढा उरला. म्हणून गीज, माइस. फूट-फीट, टूथ-टीथ त्याच घराण्यातले. शीप आणि डिअर जुन्या इंग्रजीत नपुंसकलिंगी; त्या गटाला अनेकवचनाचा प्रत्ययच लागत नसे. ऑक्सनमधला 'एन' चिल्ड्रनमध्येही आहे. असे गट पाडून शिकवलं की पोरं विसरत नाहीत.

केळीवाला, रावेर:
मास्तर, असं शिकवतो कोण? फळ्यावर यादी आणि 'दहा वेळा लिहून आणा', एवढंच. बरं, गूसचं गीज, तर मूसचं, म्हणजे त्या मोठ्या हरणाचं, मीस का नाही भो?

अमळनेरचे मास्तर:
कारण मूस हा शब्द अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून 17व्या शतकात आला. स्वर बदलायची रीत तोवर कधीच संपली होती. मंगूस तर आपलाच, मराठी मुंगूस! त्याचं मंगूसेस होतं, मंगीज नाही.

धुळ्याची ताई:
आपणही कुठे साधे आहोत? सारंगखेड्याला एक घोडा, दहा घोडे. पोळ्याला मात्र एक बैल, दहा बैल. म्हैस-म्हशी, मांजर-मांजरं. हे आपल्याकडून कुणी पाठ करून घेतलं? ऐकून आलं.

पाचोरेकर:
मग माझंच म्हणणं खरं झालं ना, ताई! आमच्या घरात अहिराणी, बाहेर मराठी. इंग्रजी कानावर पडतंच कुठे?

अमळनेरचे मास्तर:
पडत नाही म्हणूनच पाठ करायचं. नेहमी लागणारे शब्द दहासुद्धा नाहीत. तेवढ्यासाठी परीक्षाच चुकीची म्हणायची, हे काही बरोबर नाही.

केळीवाला, रावेर:
ऑक्टोपसचं काय? कुठे ऑक्टोपसेस दिसतं, कुठे ऑक्टोपाय.

अमळनेरचे मास्तर:
ऑक्टोपसेस लिहा. शब्द मुळात ग्रीक, तिकडच्या रीतीनं ऑक्टोपोडीज व्हायचं. कुणीतरी तो लॅटिन समजून ऑक्टोपाय केलं. आता तेही कोशात आहे, त्यामुळे मी त्यालाही मार्क देतो.

पाचोरेकर:
बघा! साहेबांनी चुकवलं की कोशात जागा, माझ्या पोरानं चुकवलं की फुली. निदान अर्धा मार्क तरी द्या.