बर्नार्ड हेरिंग कोण होते?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात नर्स आहे. कपाशीच्या फवारणीत विषबाधा झालेले मजूर रात्री येतात, अंगाला औषधाचा उग्र वास. कधी कोणी मुद्दाम प्यालेलं असतं आणि घरचे म्हणतात, "सिस्टर, फवारतानाच झालं असं लिवा ना जी." चर्चमधल्या फादरनी हेरिंग वाचा म्हटलं. काय म्हणतात ते?

उत्तर १: ताई, ते रिडेम्प्टरिस्ट या कॅथलिक संघाचे जर्मन धर्मगुरू, १९१२ ते १९९८. दुसऱ्या महायुद्धात सक्तीने सैन्यात घेतले गेले, रशियात जखमींची शुश्रूषा केली. गुन्हेगार राजवटीचं आंधळं आज्ञापालन ख्रिस्ती माणसांनीच केलेलं त्यांनी पाहिलं. म्हणून पुढे नीतीच्या केंद्रस्थानी आज्ञापालन नाही, जबाबदारी ठेवली. १९५४ चा 'ख्रिस्ताचा नियम' हा ग्रंथ याचसाठी गाजला. नीतीवरची आधीची चर्चची पुस्तकं पापं मोजण्यातच अडकलेली.

उत्तर २: रोमच्या अल्फोन्सियन अकादमीत नीतिशास्त्राचे प्राध्यापक, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (कॅथलिक चर्चच्या १९६२-६५ च्या जागतिक धर्मसभेत) तज्ज्ञ. १९६८ च्या संततिनियमनविषयक पोपपत्राला त्यांनी उघड विरोध केला. पुढे व्हॅटिकनकडून त्यांची चौकशी झाली, तीही घशाच्या कॅन्सरच्या दिवसांत.

प्रश्नकर्ती: धन्यवाद भाऊ. केसपेपरवर मी खरंच लिहीन, डॉक्टरला उपचार त्यावरच ठरवायचा असतो. पण बाहेर बसलेल्या रुग्णाच्या घरच्या बाईशी आधी बोलीन.