‘उजव्या बाजूचं काम कमी झालंय’ हे मराठीत नीट कसं सांगायचं?

आईची हृदयाची द्विदल झडप (डावीकडच्या दोन कप्प्यांमधली) बदलून पाच महिने झाले. लहानपणी सांधे धरणारा ताप येऊन गेला होता, त्यातून झडप पुढे वर्षानुवर्षं आकसत गेली. आता धातूची झडप आहे. रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि रक्त किती पातळ आहे हे सांगणारी आयएनआरची तपासणी अंगवळणी पडली आहे. परवाच्या टू-डी इकोच्या रिपोर्टात मात्र एक नवी ओळ दिसली: राइट व्हेंट्रिकलचं फंक्शन कमी, टॅप्सी नावाचं एक माप १२ मिलिमीटर. शस्त्रक्रियेआधी हाच आकडा १८ होता.

आईने विचारलं, काय लिहिलंय गं? मी घाईत सांगून टाकलं, “उजव्या बाजूचं काम थोडं कमी झालंय.” ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने पाहिलं तर उजव्या हाताची मूठ मिटून-उघडून बघत होती. आमच्याकडे ‘उजवी बाजू गेली’ म्हणजे लकवा. तिच्या वडिलांची तशीच गेली होती. ती रात्र तिने जागून काढली, आणि ती माझ्या शब्दांमुळे.

म्हणून इथे विचारते. ‘व्हेंट्रिकल’ला घरात बोलता येईल असा मराठी शब्द कोणता? आणि ‘फंक्शन’ला ‘कार्य’ किंवा ‘काम’ म्हणणं बरोबर आहे का? ती चालते, जिना चढते, पाय सुजलेले नाहीत. मग कमी झालंय ते नक्की काय?

प्रतिसाद:

ताई, पहिल्या प्रश्नापुरतं सांगतो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. आमच्या विद्यार्थिदशेत हृदयाच्या वरच्या कप्प्याला कर्णिका आणि खालच्याला, म्हणजे व्हेंट्रिकलला, जवनिका म्हणत. कर्णिकेत कान आहे, कारण ‘ऑरिकल’चा लॅटिनमधला अर्थच छोटा कान. जवनिका म्हणजे खरं तर पडदा, आणि हृदयात पडदा म्हटलं की लोकांना दोन कप्प्यांमधली भिंत आठवते. त्यामुळे त्या शब्दाने गोंधळच जास्त व्हायचा. पुढे अलिंद आणि निलय आले आणि मला ते फार आवडले. संस्कृतात अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची जागा, आपली ओसरी. निलय म्हणजे राहण्याची जागा. इंग्रजीतला ‘एट्रियम’ही मुळात रोमन घरातला पुढचा दालनवजा भाग. रक्त आधी ओसरीत येतं, मग झडप उघडून आत जातं. आईंना असं सांगून पाहा.

उजवीकडच्या अलिंद-निलयामधल्या त्रिदल झडपेसाठी बेलाचं पान दाखवा. तीन पाती, एक देठ. ‘द्विदल’ म्हटलं तर मात्र डाळ आठवणार, त्याला इलाज नाही!

प्रतिसाद:

मी इको करते, रोज पंधरा-वीस. तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

टॅप्सी म्हणजे काय मोजतो? त्रिदल झडप ज्या कड्यात बसलेली असते, त्या कड्याची बाहेरची कड प्रत्येक ठोक्याला हृदयाच्या टोकाकडे सरकते. ती किती मिलिमीटर सरकली, एवढंच. १७ च्या खाली आकडा गेला की रिपोर्टात ‘कमी’ लिहिलं जातं. म्हणजे मोजली हालचाल, तीही एका जागेची, एका दिशेची. आणि लिहिलं ‘फंक्शन’.

एरवी हे चालून जातं, कारण उजवा निलय मुख्यतः लांबीतच आखडतो. पण छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर तो काम करण्याची तऱ्हाच बदलतो. लोहाराचा भाता आठवा. उजव्या निलयाची बाहेरची भिंत भात्यासारखी आत दाबली जाते, हे काम तो आधीपासून करतच असतो. शस्त्रक्रियेनंतर कड्याचं सरकणं घटतं आणि भात्याचा वाटा वाढतो. पुष्कळ रुग्णांत एकूण बाहेर फेकलं जाणारं रक्त जवळपास तेवढंच राहतं. त्रिमितीय इकोने किंवा एमआरआयने पूर्ण कप्पा मोजला की हे दिसतं. टॅप्सीला भाता दिसतच नाही.

असं का होतं यावर अजून एकमत नाही, पण हृदयाभोवतीची पिशवी उघडणं याकडे सगळ्यांत जास्त बोट दाखवलं जातं. शस्त्रक्रिया चालू असताना अन्ननलिकेतून इको करून पाहिलं, तर पिशवी उघडल्यावर काही मिनिटांतच ही हालचाल मंदावलेली दिसते, झडपेला हात लागण्याआधीच. उलट मांडीतल्या रोहिणीतून नळी नेऊन जी महाधमनीची झडप बसवतात, त्यात पिशवी उघडावी लागत नाही आणि टॅप्सीही सहसा अशी पडत नाही. दोन कप्प्यांमधली भिंतही शस्त्रक्रियेनंतर उलट्या दिशेने हलल्यासारखी दिसते. नवख्या डोळ्याला ते पाहून धसका बसतो.

पण याचा अर्थ आकडा सोडून द्यायचा असा नाही. झडप बदलल्यावर उजवा निलय खरोखर थकलेलाही असू शकतो. द्विदल झडप आकसलेली असताना त्याला वर्षानुवर्षं फुप्फुसांतल्या वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलावं लागलेलं असतं. त्याची भिंत पातळ असते. तो मुळात २५ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास दाबाचा गडी, डाव्यासारखा १२० चा नव्हे. झडप बदलल्यावर ओझं उतरतं, तरी प्रत्येकाचा दाब पूर्ण खाली येतोच असं नाही, आणि काहींची त्रिदल झडप पुढे गळायला लागते. पाय सुजणं, मानेच्या शिरा फुगणं, पोटात पाणी होणं, यकृत वाढून उजव्या बरगडीखाली जड वाटणं, ही खऱ्या थकव्याची चिन्हं. म्हणून एका आकड्यावर थांबायचं नसतं. कप्प्याचा आकार, क्षेत्रफळ किती आखडतं, फुप्फुसातला दाब, त्रिदल झडपेची गळती, सगळं एकत्र पाहावं लागतं. तुमच्या डॉक्टरांना जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी ठेवून हेच विचारा.

आणि मी माझ्यापुरतं ठरवलं आहे. रुग्णाशी मराठीत बोलताना टॅप्सीसाठी ‘कार्य’ म्हणायचं नाही. ‘कड्याची हालचाल कमी’ म्हणायचं. ‘कार्य’ हा शब्द सगळं पाहून झाल्यावरच.

प्रतिसाद:

‘फेल्युअर’बद्दलही बोलूया ना. आमच्या काकांच्या कागदावर ‘उजवे हृदय निकामी’ असं कोणीतरी मराठीत लिहून दिलं होतं. निकामी म्हणजे टाकून द्यायच्या लायकीचं. पुढची सहा वर्षं काका शेतावर जात होते. बोलीत ‘हार्ट फेल झालं’ म्हणजे माणूस गेला, असाच अर्थ आहे. मला ‘हृदय अपुरं पडतंय’ हे बरोबर वाटतं. अपुरं पडणाऱ्याला मदत करता येते, गोळ्यांची, मीठ कमी करण्याची.

प्रतिसाद:

‘उजवं’ या शब्दावर एक भर. रिपोर्टात उजवं-डावं रुग्णाच्या बाजूने धरतात, त्यामुळे पडद्यावर उजवा कप्पा आपल्या डाव्या हाताला दिसतो. शिवाय उजवा निलय खरं तर समोर असतो, छातीच्या मधल्या हाडाच्या लगेच मागे. ‘फुप्फुसाकडे रक्त पाठवणारा कप्पा’ असं म्हटलं तर शब्द जास्त लागतात, पण हात-पाय आठवत नाहीत.

धागा सुरू करणारी:

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टरताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला आणि काल आईला वाचून दाखवला. गेल्या आठवड्यात तिच्या डॉक्टरांनीही फाइल पाहिली. कप्प्याचा आकार वाढलेला नाही, फुप्फुसातला दाब आधीपेक्षा खाली आला आहे, गळती किंचित आहे. सहा महिन्यांनी पुन्हा इको.

तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी मराठीत लिहून ठेवलं आहे: ‘फुप्फुसाकडे रक्त पाठवणाऱ्या कप्प्याच्या कड्याची हालचाल कमी झाली आहे. शस्त्रक्रियेनंतर असं होतं. हाता-पायांशी याचा संबंध नाही. पाय सुजले तर लगेच दाखवायचं.’ मामा-मावशी भेटायला आले की ती स्वतःच ते वाचून दाखवते. ‘निलय’ तिला लक्षात राहिला नाही. ‘ओसरी’ आणि ‘भाता’ मात्र राहिले.

एकच अडतंय. ‘हालचाल’ म्हटलं की ती ‘चाल’ ऐकते आणि विचारते, म्हणजे मी चालायचं कमी करू का? कड्याच्या त्या सरकण्याला एकच मराठी शब्द असेल तर सुचवा.