मुंबईच्या नामांकित हॉटेलांत जेवायला जाताना : सोलापूरकरांचे अनुभव

दवाखाना, मुलाखत, विमानतळावर कुणाला सोडायला जाणं, या ना त्या कारणानं सोलापूरकराची मुंबईवारी होतच असते. त्यात घरची तरुण मंडळी म्हणतात, सिनेमातली, क्रिकेटमधली माणसं जेवतात तिथं एकदा जाऊ या. पैसे साठवून जावं आणि दारातून परत फिरावं लागावं, शाकाहारी म्हणून मागवलेल्या सूपमध्ये माशाचं पाणी निघावं, शेवटी धावत जाऊन गाडी चुकावी, असं कुणाचं होऊ नये म्हणून हा धागा. विनंती एकच : जेवण किती छान होतं ते नको. पुढचा माणूस वाचून सरळ जाऊ शकेल, अशी नेमकी माहिती द्या. वर आपलं काम आणि राहता तो भाग लिहा.

प्रवासाची बुकिंगं करणारे, रेल्वे लाइन्स

आधी गाडी ठरवा, मग हॉटेल. बहुतेकांचं इथंच उलटं होतं. सकाळच्या वंदे भारतनं गेलात तर दुपारी साडेबाराच्या सुमारास सीएसएमटीला उतरता. म्हणजे दुपारचं जेवण फोर्ट-कुलाब्यातच घ्यावं, वांद्र्याचा विचारही करू नये. परत सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं यायचं असेल तर ती रात्री साडेदहानंतर सीएसएमटीहून निघते. मोठ्या हॉटेलांत रात्री दोन पंगती असतात असं समजा : पहिली सात-साडेसातची, दुसरी साडेनऊची. सिद्धेश्वर पकडणाऱ्यानं पहिलीच घ्यावी, आणि टेबल मागतानाच सांगावं की साडेनऊला निघायचं आहे.

लोअर परळ, महालक्ष्मीकडे जेवत असाल तर सीएसएमटीपर्यंत मागं जाऊ नका. सिद्धेश्वर दादरला थांबते, तिकिटावर चढण्याचं स्थानक दादर करून घ्या. वांद्रे-जुहूहून शनिवारी रात्री टॅक्सीच्या भरवशावर राहू नये, लोकलनं दादर गाठावं. मोठ्या बॅगा हॉटेलात नेऊ नका. स्टेशनच्या सामानघरात ठेवायच्या तर कुलूप लावलेल्या हव्यात, आणि पावती जपा. गाड्यांच्या वेळा आणि वंदे भारतच्या सुट्टीचा वार बदलत असतो, निघण्याआधी एकदा बघाच.

हॉटेलातले कॅप्टन (वेटरांचे प्रमुख), मूळ गाव बार्शी

टेबल मिळवण्याबद्दल लिहितो. शुक्रवार-शनिवारच्या रात्रीसाठी दोन आठवडे आधी, मंगळवार-बुधवारसाठी दोन-तीन दिवस आधी पुरतं. अॅपवर 'उपलब्ध नाही' दिसलं तरी फोन करा. सगळी टेबलं अॅपवर सोडलेली नसतात. फोन दुपारी साडेतीन ते साडेपाचच्या मध्ये करावा. तेव्हा दुपारचं आटोपलेलं असतं, रात्रीचं सुरू व्हायचं असतं, आणि पलीकडचा माणूस शांतपणे ऐकतो.

फोनवर पाच गोष्टी विचारा, आणि उत्तरं मेसेजवर लिहून घ्या :
अनामत किती, ती बिलात वळती होते का?
किमान खर्चाची अट आहे का?
टेबल किती वेळासाठी?
रद्द करायची शेवटची मुदत काय?
लहान मुलं चालतात का?

बार असलेल्या बऱ्याच जागा रात्री आठनंतर मुलांना घेत नाहीत, आणि हे दारात कळलं की साऱ्या घराचा विरस होतो. टेबल साधारण १५ मिनिटं राखतात. ट्रॅफिकमध्ये अडकलात तर फोन करा, केलेल्या फोनला मान असतो. सहाचं टेबल घेऊन नऊ जण आलात तर मात्र आमचा इलाज चालत नाही. खुर्च्या आहेत, पण स्वयंपाकघर त्या वेळेला तेवढ्याच ताटांसाठी तयार असतं.

कपड्यांचा प्रश्न हमखास येतो. पुरुषांनी हाफ पँट आणि उघड्या चपला टाळाव्यात, एवढंच बहुतेक ठिकाणी असतं. कोट लागत नाही. इरकल नेसून आलेल्या आजींना आम्ही खिडकीजवळ बसवतो, हे मनापासून सांगतो.

आता ऑर्डर. ताटं लहान असतात, त्यामुळे चौघांत 'स्मॉल प्लेट' पाच-सहा आणि मुख्य पदार्थ दोन-तीन. पण सगळं एकदम सांगू नका. एकदम सांगितलं की एकदम येतं, टेबल भरतं आणि निम्मं गार होतं. दोन फेऱ्यांत मागवा. स्वयंपाकघराची शेवटची ऑर्डर सव्वाअकरा-साडेअकराला बंद होते, तेव्हा दुसऱ्या पंगतीला बसलात तर गोडाचं आधीच सांगून ठेवा. काट्या-चमच्यांची धास्ती नको : बाहेरून आत घेत जायचं, पाव डावीकडचा आपला, पाणी उजवीकडचं. सुरी-काटा ताटात समांतर ठेवले की झालं, असा अर्थ. रोटी, भात, खेकडा हातानंच खावा.

कर सल्लागार, सात रस्ता

बिलात चकित होण्याची जागा म्हणजे जीएसटी. स्वतंत्र हॉटेल असेल तर जेवणावर ५ टक्के (अडीच केंद्राचे, अडीच राज्याचे). पण तेच हॉटेल खोलीचं दिवसाचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या पंचतारांकितात असेल तर १८ टक्के. म्हणजे ६,००० रुपयांचं जेवण एकीकडे ६,३०० ला पडतं, दुसरीकडे ७,०८० ला. मेनूवरच्या किमती करांशिवाय असतात, तेव्हा पंचतारांकितात बसल्यावर मनातल्या मनात दर आकड्याला जवळजवळ पाचवा हिस्सा जोडत जावं. मद्य जीएसटीत येत नाही, त्यावर व्हॅट वेगळा लागतो आणि बहुधा बिलही वेगळं निघतं.

सेवा शुल्क हा कर नव्हे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक सूचना काढल्या : ते बिलात आपोआप लावायचं नाही, सक्ती करायची नाही, दुसऱ्या नावानंही घ्यायचं नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं २८ मार्च २०२५ ला त्या योग्य ठरवल्या. तरी बिलात १० टक्के दिसले तर काय करायचं? आवाज न चढवता मॅनेजरला म्हणायचं, "हे काढून नवीन बिल द्या." नवीन बिलच घ्या, पेननं खोडलेलं नको. कारण ६,००० च्या जेवणावरच्या त्या ६०० वर करही चढलेला असतो, तो नुसतं खोडून उतरत नाही. नकार मिळाला तर बिलाचा फोटो आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ज्यानं खरंच मनापासून वाढलं त्याच्या हातात टिप वेगळी द्या, ती त्याला पोचते.

पाण्याचं म्हणाल तर हॉटेलात बाटलीवर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येतं. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१७ मध्ये ते मान्य केलं आहे, त्यावर वाद घालू नये. बसल्या बसल्या बाटली उघडायच्या आधी "साधं फिल्टरचं पाणी द्या" म्हणावं. सहा जणांत या एका वाक्यानं बराच फरक पडतो.

कॉन्टिनेंटल किचनमध्ये काम केलेले, बाळीवेस

आपल्याकडे लिंगायत, जैन, माळकरी घरं भरपूर, म्हणून हे सविस्तर. 'भाज्यांचा आहे' याचा अर्थ 'शाकाहारी आहे' असा होत नाही. वेटरची यात लबाडी नसते. ताटात मांसाचा तुकडा नाही, म्हणून तो बिचारा 'व्हेज' म्हणतो. विचारायचं ते तळाशी काय आहे, हे.

थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट आणि वरून फिश सॉस असतो. चिनी पद्धतीच्या परतलेल्या भाज्यांत ऑयस्टर म्हणजे कालवांचा सॉस. जपानी मिसो सूपचं पाणी 'दाशी'चं, आणि नेहमीची दाशी सुक्या बोनिटो माशाच्या कातळ्यांची. किमचीत मासे किंवा कोळंबी मुरवलेली असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही हा छोटा खारवलेला मासा असतो, वूस्टरशायर सॉसमध्येही तोच. रिसोटो आणि फ्रेंच कांद्याचं सूप चिकनच्या किंवा दुसऱ्या प्राण्याच्या हाडांच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं. अस्सल पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या रेनेटनं विरजतात. पन्ना कोटा आणि मूस यांना घट्टपणा बहुधा जिलेटिनचा, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून करतात. ताजा पास्ता, मेयोनेज, तिरामिसू यांत अंडं.

यातल्या बऱ्याच गोष्टींना शाकाहारी पर्याय असतात आणि मुंबईतली चांगली स्वयंपाकघरं ते ठेवतात : शिताके मश्रूमची दाशी, प्राणिज रेनेटशिवायचं चीज, जिलेटिनऐवजी समुद्री शेवाळाचं अगर-अगर. पण ते आदल्या दिवशी सांगितलं तर. दाशी, स्टॉक, करीचं वाटण हे सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होतं, रात्री आठला त्यातून मासा काढता येत नाही. कांदा-लसूण नको असेल तर आणखीच आधी कळवा. आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हा प्रश्न विसरू नका. फ्रेंच फ्राईज आणि कोळंबी एकाच कढईत तळणं अगदी सर्रास आहे.

ज्यांना ही सगळी चौकशीच नको त्यांनी ताडदेवच्या स्वाती स्नॅक्सला जावं. शुद्ध शाकाहारी, १९६३ पासूनचं. टेबल आधी राखत नाहीत, दारात नाव लिहून थांबायचं. पानकी मागवा : केळीच्या पानांत तांदळाच्या पिठाचा पातळ थर शिजवतात. पान सोलताना पानकी सुटून आली तर नीट शिजलेली. चिकटली तर कच्ची राहिलेली असू शकते, बदलून मागायला संकोच करू नका.

मासळीचा व्यवसाय, विजापूर वेस

आपल्याला उजनीची चिलापी, राहू, कटला माहीत. समुद्राच्या खेकड्याचा हिशोब निराळा. काळा घोड्याच्या तृष्णामधला बटर-गार्लिक खेकडा खायला देशोदेशीचे लोक येतात, तेव्हा तिथं किंवा अशा कुठल्याही ठिकाणी जाताना एवढं बघा.

मेनूत किमतीच्या जागी 'एपीएस' असं लिहिलेलं असतं, म्हणजे आकारानुसार. आकडा नाही म्हणून तसंच मागवू नका. खेकडा टेबलाशी आणून दाखवायला सांगा, वजन विचारा, आणि पूर्ण नगाची किंमत तोंडून वदवून घ्या. किलोच्या खेकड्यातून मांस अडीचशे ते तीनशे ग्रॅमच निघतं, बाकी कवच. चौघांना एक पुरत नाही, जोडीला दुसरं काही हवंच. उचलून बघितल्यावर आकाराच्या मानानं हलका वाटला तर नुकताच कात टाकलेला असतो, आत पाणी जास्त. तो नाकारा. मांसासाठी नर घ्यावा, नांग्या मोठ्या असतात. पोटावरची झडप नराची चिंचोळी टोकदार, मादीची रुंद गोल. लाख, म्हणजे आतली लालसर अंडी, आवडणाऱ्यांनी मादी मागावी.

शिजायला अर्धा तास धरा, म्हणून ऑर्डर सगळ्यांत आधी. आला की लगेच खा, गार झाल्यावर लोणी थिजून वास मारतो. नांगी अडकित्त्यानं टोकाला फोडू नका, जाड भागाच्या मध्यावर एकच दाब द्या. टोकाला फोडली की कवचाचे कपचे मांसात मिसळतात. पाय सांध्यावर पिळून ओढले की मांस अखंड येतं. अंगाच्या बाजूला पिसासारखे करडे कल्ले राहिले असतील तर ते खायचे नाहीत. कडक भाकरी चुरून रस्सा ओरपायची आपली सवय असली तरी या लोण्याला नीर डोसा किंवा अप्पमच बरा, तो शोषून घेतो.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा 'ताजा पापलेट' म्हणत असतील तर बर्फातला का, हे विचारा. खाडीतला खेकडा त्या दिवसांतही मिळतो.

जुळे सोलापूर

छोटीशी भर. ताजमधलं वसाबी किंवा कुठलंही जपानी हॉटेल : ताटातली हिरवी गोळी म्हणजे वसाबी, ती चटणीसारखी लावू नका. आपल्या तिखटाची सवय इथं उपयोगाची नाही. मिरचीचं तिखट जिभेवर बसतं आणि रेंगाळतं, वसाबीचं वाफ होऊन नाकात चढतं. मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढी पुरे. जास्त झालीच तर पाणी पिऊ नका, नाकानं श्वास घेऊन तोंडानं सोडा, थोड्या वेळात उतरतं. आणि सुशीचा भात सोयात बुडवू नये. उलटी करून माशाची बाजू टेकवावी, नाहीतर भात सुटून वाटीत पडतो.

निवृत्त शिक्षिका, होटगी रोड

वयस्कर माणसं बरोबर असतील तर रात्रीपेक्षा दुपार निवडा. गोंगाट कमी, प्रकाश भरपूर, मधुमेहाच्या गोळीची वेळ सांभाळता येते. ताजची इमारत १९०३ ची, पहिल्या मजल्यावरच्या सी लाउंजमधून गेटवे आणि समुद्र दिसतो. दुपारच्या चहाला खिडकीचं टेबल आधीच मागावं. दारात बॅगांची तपासणी होते, तिला दहा मिनिटं धरा. औषधं, चष्मा वेगळ्या छोट्या पिशवीत असले की सोपं जातं.

बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ पासूनचं इराणी हॉटेल, मुख्यतः दुपारच्या जेवणाचं. बेरी पुलाव, साली बोटी, शेवटी कॅरामल कस्टर्ड. पुलावातली लाल आंबट फळं इराणी झरेश्क असतात, डाळिंबाचे दाणे नव्हेत. चकचकाट नाही, पण २०१६ मध्ये प्रिन्स विल्यम आणि केट मुंबईत आले तेव्हा त्यांना भेटलेले वयोवृद्ध बोमन कोहिनूर ते याच हॉटेलचे. वंदे भारतनं उतरून चालत जाता येतं, पण गाडीला उशीर झाला तर मात्र उपाशी परतावं लागेल.

पुन्हा बार्शीचे कॅप्टन

दोघा-तिघांनी टेस्टिंग मेनूबद्दल विचारलं आहे. महालक्ष्मीचं मास्क हे २०१६ पासूनचं त्यातलं मोठं नाव. तिथं निवडायचं नसतं, दहाच्या आसपास छोटी ताटं क्रमानं येतात, अडीच-तीन तास लागतात. टेबलावरच्या सगळ्यांनी टेस्टिंग मेनूच घ्यायचा असतो, 'मी नुसतं सूप घेतो' चालत नाही. शाकाहारी मेनू स्वतंत्र असतो. शेंगदाण्याची किंवा इतर अॅलर्जी बुकिंगच्या वेळीच लिहून द्या. पाच वाजता थोडं काही खाऊन या, कारण पहिली तीन ताटं एकेका घासाची असतात. सिद्धेश्वर पकडायची असेल त्या दिवशी टेस्टिंग मेनू घेऊच नका, मुक्काम असेल तेव्हाच.

आणि नामवंत दिसले तर : कोण येणार हे आम्ही सांगत नाही, विचारू नये. ते बहुधा दहानंतर, आतल्या खोलीत, वेगळ्या दारानं येतात. जेवताना जवळ जाऊन फोटो मागितला तर आम्हाला मध्ये पडावं लागतं, ते आम्हालाही जड जातं. आपल्या ताटाचा फोटो घ्या, पण फ्लॅश बंद ठेवून, आणि मागच्या टेबलावरचा चेहरा त्यात येत नाही ना, हे बघून.