विषय: आई-बाबांना रविवारी चर्चला जायचं आहे (एडिंबरा)

नमस्कार मंडळी,
आई-बाबा सहा महिन्यांसाठी लीथला आलेत. शेजारच्या आजींनी त्यांना रविवारी त्यांच्या प्रेस्बिटेरियन चर्चला बोलावलंय. आम्ही ख्रिस्ती नाही. गेलं तर चालतं का? पैसे किती टाकायचे? प्रसादासारखं काही दिलं तर घ्यायचं का?
– अ. जो.

---

अ. जो.,
खुशाल जाऊ द्या. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या (तिथलं मुख्य प्रेस्बिटेरियन चर्च) उपासनेला कोणीही बसू शकतं, धर्म कोणी विचारत नाही. बहुतेक ठिकाणी सुरुवात ११ च्या आसपास होते आणि तासाभरात आटोपतं. दहा मिनिटं आधी पोचावं, म्हणजे दाराशी गीतांचं पुस्तक आणि क्रमपत्रिका शांतपणे हाती मिळते. चपला काढायच्या नाहीत. बाबांची टोपी मात्र आत काढावी. साडी-सलवार काहीही चालेल, पण कोट हाताशी असू द्या. जुन्या दगडी इमारती हिटर लावूनही गार असतात.

अनेक चर्चमध्ये सुरुवातीला बायबल मिरवत आत आणतात, तेव्हा सगळे उभे राहतात. गीताला उभं राहायचं, प्रार्थनेला बसून मान खाली. गुडघे टेकायची पद्धत नाही. गुडघे दुखत असतील तर गीतालाही बसून राहिलं तरी कोणी काही म्हणत नाही. गोंधळ होतो तो पुस्तकात: क्रमपत्रिकेतला आकडा गीताचा असतो, पानाचा नव्हे.

> पैसे किती टाकायचे?

सक्ती नाही. थैली किंवा ताट पुढे सरकवलं तरी चालतं. बरेच सभासद बँकेतूनच देतात, त्यामुळे त्यांचेही हात रिकामे दिसतील. टाकायचेच तर २ ते ५ पौंड पुरेत. 'गिफ्ट एड'चं पाकीट मात्र आई-बाबांनी भरू नये. ब्रिटनमध्ये कर भरणाऱ्याने सही केली की चर्चला पौंडामागे सरकारकडून २५ पेन्स जादा मिळतात. पाहुण्यांची सही तिथे लागू होत नाही.

प्रसादासारखं म्हणजे प्रभुभोजन (कम्युनियन). ते दर रविवारी नसतं, काही चर्चमध्ये वर्षातून चारदाच. पाव आणि चिमुकल्या पेल्यांचं तबक बाकापर्यंत येतं. तो ख्रिस्ती श्रद्धेचा विधी आहे, तेव्हा आई-बाबांनी न घेता तबक शेजाऱ्याकडे द्यावं. यात अपमान कोणी मानत नाही. उलट काय आहे ते न कळता पेला तोंडाला लावला, तर सगळेच अवघडतात. आजींना आधी विचारून ठेवा, या रविवारी आहे का.
– सु. सा.

---

सु. सा. यांनी लिहिलंय ते चर्च ऑफ स्कॉटलंडचं. 'फ्री चर्च' हेही प्रेस्बिटेरियनच, पण वेगळं. १८४३ मध्ये चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये मोठी फूट पडून ते निघालं. मुंबईचे जॉन विल्सन, म्हणजे विल्सन कॉलेजवाले, तेव्हा फ्री चर्चकडे गेले. १९२९ पर्यंत बहुतेक जण परतले, पण जे राहिले त्यांचं चर्च आजही आहे. तिथे २०१० पर्यंत फक्त बायबलमधली स्तोत्रं आणि तीही वाद्यांविना गात, आताही अनेक ठिकाणी तसंच. प्रभुभोजनाचे नियमही कडक. तेव्हा दारावरच्या पाटीवर नेमकं नाव बघा.

दुसरं, नकाशावर विसंबू नका. गेल्या काही वर्षांत बरीच चर्च एकत्र झाली, इमारती विकल्या गेल्या. मनोऱ्याखाली कॅफे निघायचा. त्या चर्चच्या संकेतस्थळावर त्याच आठवड्याची सूचना वाचून निघा.
– वि. का.

---

उपासनेनंतरच्या चहाला थांबा. ओळखी तिथेच होतात. आई-बाबा शाकाहारी असतील तर सॉसेज रोल दिसला की ओळखता येतो, डिसेंबरातली मिन्स पाय ही गोड पेस्ट्री मात्र फसवते. आत मनुका-मसाला असतो, पण सारणात सुएट म्हणजे गोमांसाची चरबी असू शकते. शाकाहारी सुएटही मिळतं, म्हणून पाकीट बघायला मागावं. मार्शमेलोत जिलेटिन असतं. शॉर्टब्रेड बहुधा निर्धोक, मैदा-साखर-लोणी.

बसचं: साठीनंतरचा मोफत पास स्कॉटलंडच्या रहिवाशांनाच मिळतो, पाहुण्यांना नाही. लोदियन बसमध्ये रोख दिल्यास सुटे परत मिळत नाहीत, कार्ड टेकवा. रविवारी फेऱ्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघून ठेवा.
– मी. प.