साखर तोडली की कॅन्सर उपाशी मरतो म्हणे!

अबोली_ठाणे
परवा इथे 'साखर सोडा, कॅन्सर मरेल' असा लेख आला आणि खाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागली. लेखाचं सार असं: कॅन्सरच्या पेशी साखरेवर जगतात, तेव्हा साखर, गूळ, भात, दूध, फळं सगळं बंद. सकाळी कडुलिंब-हळदीचं पाणी, संध्याकाळी सातनंतर तोंडाला कुलूप. पुरावा काय, तर वॉरबुर्ग हा जर्मन शास्त्रज्ञ आणि पेट स्कॅन, म्हणजे शरीरातल्या गाठी दाखवणारी तपासणी.

वॉरबुर्गने शंभर वर्षांपूर्वी दाखवलं ते खरंच आहे, बऱ्याच गाठी ग्लुकोज अधाशासारखं ओढतात. पेट स्कॅन त्यावरच चालतो. पण तुम्ही खाल्लं नाही म्हणून रक्तातलं ग्लुकोज संपत नाही, यकृत ते तयार करतं. कच्चा माल कुठून आणतं? तुमच्या स्नायूंतून. म्हणजे आधी वाळतात त्या मांड्या, गाठ नव्हे. वजन फार उतरलं की केमोचा डोस कमी करावा लागतो नाहीतर पुढे ढकलावा लागतो, हे लेखात कुठे आहे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये नवज्योतसिंग सिद्धूंनी पत्नीच्या बाबतीत हेच सांगितलं, तेव्हा टाटा मेमोरियलच्या २६२ आजी-माजी तज्ज्ञांनी पत्रक काढलं की याला पुरावा नाही. बाईंची शस्त्रक्रिया आणि केमोही झाली होती, ते फॉरवर्डमध्ये गळतं.

बाजीराव५६
तुमच्या घरात झालाय का कुणाला? माझा झालाय, मलाच. साखर सोडली, हलकं वाटतं. डॉक्टरना विचारलं काय खाऊ, मान वर न करता म्हणाले, 'सगळं खा.' सगळं म्हणजे काय? वडापाव? पुढचा पेशंट आतसुद्धा आला होता. मग माणूस यूट्यूबवर जाणार नाही तर कुठे जाणार?

परळकर
बाजीराव, आहारतज्ज्ञाची चिठ्ठी मागून घ्या, बऱ्याच ठिकाणी मिळते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावाकडून आलेले टाटाचे पेशंट बघा. दोन घास पोटात जावेत म्हणून नातेवाईक रडकुंडीला आलेले असतात. त्यांना भात बंद करा सांगणाऱ्याला मी जिन्यावरून खाली घालेन.

सुगरण_नाही
सासऱ्यांना गालाचा होता. रेडिएशनमध्ये तोंड असं सोललं की वरणातलं मीठही झोंबायचं. मऊ खिचडी मिक्सरमधून काढून, वर गाळून, नाकातल्या नळीतून सिरिंजने द्यायची. जाड राहिली की नळी तुंबायची. चिठ्ठीवर अंडी लिहिली होती. सासूबाई म्हणाल्या, या घरात अंडं शिजणार नाही. शेवटी शेजारणीकडून उकडून आणायचे, डब्यावर फडकं टाकून, चोरासारखी.

सात्त्विक
झालं, आले अंड्यावर! शाकाहाऱ्यांना झोडायला निमित्तच हवं असतं. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या निम्मं प्रोटीन असतं, अंड्यात जेमतेम ६ ग्रॅम. आणि मांसाने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्येच सांगितलंय.

परळकर
सोललेल्या तोंडाने सोयाच्या वड्या चावून दाखवा. २०१५ चं ते सॉसेज, हॅमसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाबद्दल. लाल मांस 'बहुधा' या गटात. अंडं त्यात कुठेय? सुपारी मात्र सॉसेजच्याच पहिल्या, म्हणजे नक्की कॅन्सर करणाऱ्या गटात बसलीय. जेवण झालं की सात्त्विक हातात अडकित्ता येतो ना, ती.

सात्त्विक
वैयक्तिक होऊ नका. माझ्या घरात काय शिजावं ते मी ठरवणार.

सुगरण_नाही
आजारी माणसाने ठरवायचं की तुम्ही? सासरे शेवटी पाटीवर लिहायचे, 'अंडं'. बोलता येत नव्हतं.

कोल्हापुरी_ठेचा
अंडं राहू द्या, आमच्याकडे पायाचं सूप चालतं. चुलतीला रोज वाटीभर द्यायचो.

अबोली_ठाणे
पायाच्या सुपात जिलेटिन जास्त, स्नायूंना हवं तसलं प्रोटीन कमी. द्या, पण त्यावर भागवू नका. किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रोटीन सांगतात, म्हणजे ५० किलोच्या बाईला ५० ते ७५. पनीर, दही, मुगाचं धिरडं, सोयाचं पीठ घातलेली पेज, अंडं, काय जाईल ते. केमोत तोंडाला पत्र्याची चव येते, तेव्हा स्टीलचा चमचा बाजूला ठेवून लाकडी किंवा प्लास्टिकचा घेऊन बघा.

आणि लाइफस्टाइलच हवी असेल तर २०२५ ची 'चॅलेंज' चाचणी वाचा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचे ८८९ रुग्ण, केमो संपल्यावर निम्म्यांना तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम. आठ वर्षांनी त्यांच्यातले ९० टक्के हयात, नुसती माहितीपत्रकं दिलेल्यांतले ८३. बहुतेक लोक भराभर चालत होते, बस. पण चालायला कुणी हात जोडणार नाही, कडुलिंबालाच जोडणार.

निशाचर
गुळवेलीबद्दल कुणी बोलेल का? २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काढ्यानंतर लिव्हर बिघडलेले रुग्ण नोंदवले होते.

सात्त्विक
आयुष मंत्रालयाने ते खोडलंय. नीट वाचा.

निशाचर
वाचलंय. तरी केमोवाल्या माणसाचं लिव्हर हे काढ्याची परीक्षा घ्यायची जागा नाही. काय घेताय ते डॉक्टरला सांगा तरी. लोक ते लपवतात.

बाजीराव५६
बरं बाई, वजन उतरलंय हे खरं. पँटला नवं भोक पाडलंय. भात सुरू करतो. पण साखर नाही म्हणजे नाही, चहात गूळ घालीन.

अबोली_ठाणे
गूळ म्हणजे साखरच हो काका. खुशाल घाला. शुगर नाहीये ना तुम्हाला?

बाजीराव५६
नाही. आणि मी काका नाही, छप्पन्न हा जन्मसाल नाही, फ्लॅट नंबर आहे.

सात्त्विक
सोयाच्या पेजेची कृती टाका. अंड्याशिवाय.