गणवेशाची सक्ती हवीच कशाला?

ठाणेकर आई : काल इथे एकांनी लिहिलं, 'गणवेशाने गरीब-श्रीमंत भेद मिटतो, ज्यांना तो नको त्यांना फक्त फॅशन हवी असते.' वाचून डोकंच तापलं. माझ्या मुलाच्या शाळेत रोजचा वेगळा, पीटीचा वेगळा, बुधवारी पांढरा, वर हाऊसच्या रंगाचा टीशर्ट. सगळं एकाच दुकानातून, मोज्यांवरसुद्धा शाळेचा लोगो. बाजारातले तसलेच मोजे घालून गेला म्हणून पोराला प्रार्थनेच्या वेळी बाहेर उभं केलं. भेद मिटवायला आणलेल्या कपड्यांवरूनच मुलं हेरली जातात! आणि बूट, दप्तर, सोडायला येणारी गाडी कुठे झाकणार? सक्ती काढा. साधे, स्वच्छ कपडे, एवढा नियम पुरे.

माणदेशी मास्तर : ताई, दुकानदारीवरचा राग गणवेशावर काढू नका. मी झेडपीच्या शाळेत शिकवतो. ऊसतोडीहून परतलेली पोरं वर्गात बसतात. त्यांच्याकडे शाळेपुरते 'साधे, स्वच्छ' दोन जोड तरी कुठले? गणवेश हाच वर्षातला नवा कपडा. जत्रेलाही तोच. सक्ती गेली की सरकार म्हणेल, मग पैसे तरी कशाला द्यायचे?

पुणेकर बाबा : मास्तर, तो हातात कधी पडतो तेही सांगा. 2024-25 मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून कापड राज्य पातळीवरून घेतलं, शिलाई बचत गटांकडे दिली. शाळा जूनमध्ये उघडल्या आणि कित्येक ठिकाणी 15 ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच कपड्यांत झालं. जे मिळाले त्यांची शिवण उसवली.

सुईदोरा : बचत गटांवर घसरू नका. मी स्वतः ते शिवलेत. माप इयत्तेवरून ठरलेलं. पाचवीतली दोन पोरं एका अंगाची असतात का? बाही आखूड झाली की शिव्या आम्हाला. आणि स्काउटच्या गणवेशाचं नुसतं कापड शाळांना पाठवलं, शिलाईला 100 रुपये, वरखर्चाला 10. एवढ्यात शर्ट-पँट कोण शिवून देतं? तुमचा शिंपी देतो का?

पुणेकर बाबा : शिवणाऱ्या बायकांना मी बोललोच नाही. वर बसून कापडाची खरेदी ठरवणाऱ्यांना बोललो.

सुईदोरा : मग तसं स्पष्ट लिहायचं. 'शिवण उसवली' म्हटलं की लोक आमच्याकडेच बघतात.

माणदेशी मास्तर : त्यात बाबांचं बरोबर आहे, नाइलाजाने म्हणतो. म्हणून तर डिसेंबर 2024 मध्ये शासनाने गणवेशाचे अधिकार परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिले. आमचा शिंपी शाळेत येऊन एकेका पोराचं माप घेतो. पण दोन जोडांना 600 रुपये, कापडासकट. आठवीतल्या पोराची फुलपँट त्यात बसवून दाखवा. वरचे पैसे शिक्षकांच्याच खिशातून जातात. ही रक्कम वाढवा म्हणून भांडा ना, सक्ती काढा म्हणून काय भांडता?

कोल्हापूरची लेक : पैशांचं झालं असेल तर मुलींचं बोलू. आठवीत आम्हाला बुधवारच्या पीटीला पांढरी सलवार सक्तीची होती. पाळीच्या दिवसांत बुधवार आला की पोटात दुखतंय सांगून मी घरी राहायचे. वर्गातल्या निम्म्या मुली तेच करायच्या. शाळेने हजेरीवरून झापलं, रंग बदलला नाही. शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

माणदेशी मास्तर : पांढरा रंग नकोच. समितीत आईवर्ग असतो, आमच्याकडे पुढच्या बैठकीत मांडतो. पण रंग चुकला म्हणून गणवेशच रद्द, हे मला पटत नाही.

ठाणेकर आई : ठीक आहे, झेडपीपुरतं मान्य करते. खाजगी शाळांत मात्र सक्ती नकोच.

पुणेकर बाबा : म्हणजे गरिबाच्या पोराला सक्ती आणि तुमच्याला मोकळीक? आरटीईच्या, म्हणजे शिक्षणहक्क कायद्याने राखीव ठेवलेल्या 25 टक्के जागांवरची मुलं तुमच्याच मुलाच्या बाकावर बसतात. रोज नवा ब्रँडेड टीशर्ट बघत ती शिकणार?

ठाणेकर आई : त्याच मुलांच्या आईबापांना दुकानातलं ते बिल बघून घाम फुटतो, बाबा. मी त्या रांगेत त्यांच्या मागे उभी होते.